कर्टिससाठी टाकलेला शब्द

चहाचा कप आधी खाली ठेवा बरं. ऐकताना तुम्ही हसणार, आणि हे कार्पेट मंदारने मागच्याच महिन्यात बदलून घेतलंय.

तर माझ्या मूर्खपणाची गोष्ट आहे. तशा माझ्या नावावर पुष्कळ आहेत, मंदारला विचारा, तो क्रमवार सांगेल. नवराच तो. पण त्या सगळ्या घरातल्या घरात मिटल्या. ही एकच अशी, की तिच्यात दुसऱ्या माणसाचं पोट अडकलं होतं. आणि ते पक्कं माहीत असताना मी तोंड उघडलं.

माणसाचं नाव कर्टिस. अमेरिकन. धंदा बेसबॉल. आमच्याकडे तो आला रेवामुळे. माझी लेक रेवा शाळेत सॉफ्टबॉल खेळते. तिच्या कोचने एकदा सगळ्या आईवडिलांना विचारलं, इथल्या बेसबॉल टीममध्ये उन्हाळ्यापुरता एक परदेशी खेळाडू येतोय, कोणाकडे रिकामी खोली आहे का? त्यांच्यात ही पद्धतच आहे म्हणे, खेळाडू गावोगावी लोकांच्या घरी राहतात. आमच्या इथल्या, न्यूझीलंडमधल्या, माउंट वेलिंग्टनच्या घरात खालची खोली मोकळीच होती. मी लगेच हात वर केला. मनात म्हटलं, अमेरिकेचा प्रोफेशनल खेळाडू म्हणजे मोठी असामी असणार, मंडळाच्या संक्रांतीला प्रमुख पाहुणा म्हणून तरी बसवता येईल.

आला तर दाढीत पांढरे केस, एक जुनी बॅग आणि बॅट्सची लांबलचक पिशवी. मोठी असामी कसली, त्याला विमानतळावर घ्यायला पण मंदारच गेला होता.

हा मैदानाच्या पार टोकाला उभा राहतो. आउटफिल्डर म्हणतात. तुम्ही लाँग-ऑनवरचा माणूस समजा. उंच बॉल आला की धावायचं आणि झेलायचं, नाही आला की उभं राहायचं. शाळा संपल्यापासून पस्तिशी येईपर्यंत या माणसाने हेच केलं. अमेरिकेतली कुठली कुठली छोटी गावं, मग मेक्सिको, मग इटली, दोन उन्हाळे ऑस्ट्रेलिया. एक टीम सोडून देते, दुसरी उचलते, हा पिशवी भरतो. कुठल्या गावात कोणाच्या घरी राहिलो हे त्याला त्या घरांतल्या कुत्र्यांच्या नावांवरून आठवायचं.

टीव्हीवर दिसते ती वरची लीग, तिथे तो एकदाच गेला होता, आठवडाभर. एका मॅचला अगदी शेवटी त्याला मैदानात उभं केलं. मी पोळ्या लाटत होते, उत्सुकतेने विचारलं, मग? तर म्हणाला, माझ्याकडे एकही बॉल आला नाही. आणि हे इतक्या साध्या आवाजात म्हणाला, की माझी तव्यावरची पोळी करपली.

तेव्हापासून मला त्याची माया लागली. खोटं कशाला बोलू? रेवा मला आई म्हणते म्हणून तोही आई म्हणायचा. सकाळी पोह्यांवर केचप घालायचा, ते मी डोळे मिटून सहन केलं. त्याचा उजवा गुडघा कुरकुरायचा. जिना उतरताना तो आडवा होऊन, खेकड्यासारखा उतरायचा आणि रात्री माझी फ्रीझरमधली मटारची पिशवी गुडघ्यावर ठेवून बसायचा. मी मटारच्या दोन पिशव्या आणायला लागले, एक उसळीची आणि एक गुडघ्याची.

आणि पाऊस असला की गॅरेजमध्ये रेवाला शिकवायचा. बॉल शोधत बसू नकोस, आधी बॅटचा आवाज ऐक, आवाजावरून पाय हलव, असं काहीतरी चालायचं त्यांचं. मी मराठीत सांगितलेलं रेवा इंग्लिशमध्ये परतवून लावते, पण त्याने सांगितलेलं निमूट करायची.

तर एका रविवारी सकाळी तो म्हणाला, आज मॅचला तैवानच्या एका क्लबचा माणूस येणार आहे. (बोलतो तो अर्थात इंग्लिश, मी आपल्या भाषेत सांगतेय.) त्या माणसाने पसंत केलं तर तिकडे एक वर्षाचं काम. इथला सीझन तर संपतच आला होता. मी विचारलं, आणि नाही पसंत केलं तर? तर म्हणे, कॅन्ससला माझ्या मेव्हण्याचं टायरचं दुकान आहे, तो केव्हापासून बोलावतोय. टायरचं दुकान काही वाईट नाही, आई. असं म्हणून तो पोह्यांकडे बघत बसला.

मी तिथल्या तिथे ठरवलं, शब्द टाकायचा.

आता तुम्हीच सांगा, आपल्यात शब्द टाकल्याशिवाय काही झालंय का? ॲडमिशन, फ्लॅट, लग्न, मंडळाची कमिटी. कोणीतरी मधल्या माणसाने चार शब्द बरे बोलावे लागतात. माझ्या दोन भाच्यांची लग्नं मी अशीच जमवली आहेत, इथे बसून, व्हॉट्सॲपवर. मंदार म्हणाला, "वर्षा, ते लोक आकडे बघतात. तू नको पडूस त्यात." मी म्हटलं, आकडे कागदावर, माणूस शेवटी माणसालाच विचारतो. त्याने खांदे उडवले आणि लॉनला पाणी घालायला गेला.

मी तयारीला लागले. डब्यात चकल्या आणि खोबऱ्याच्या वड्या. तैवानचा माणूस म्हणून थर्मासमध्ये ग्रीन टी, तो कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानातून, खास आणला. फोनवर ऐकून ऐकून त्यांचं नमस्काराचं 'नी हाव' पाठ केलं. रेवाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि "आई, प्लीज डोंट" एवढंच म्हणाली. ती मैत्रिणींबरोबर लांब जाऊन बसली.

मैदान छोटंसं, लाकडी बाकं, पन्नास-साठ माणसं असतील नसतील. मी मधल्या बाकावर जागा धरली आणि तैवानचा माणूस शोधायला लागले. शोधायला काय वेळ लागतो? बॅट्समनच्या बरोबर मागे, जाळीपाशी, एकजण बसला होता. चायनीज चेहरा, टोपी, समोर तिपाईवर कॅमेरा लावलेला, एकाग्र. म्हटलं, हाच. पण मॅच चालू असताना कसं जायचं? ब्रेक होईपर्यंत थांबू.

माझ्या शेजारी एक दांडगा गोरा माणूस येऊन बसला. शॉर्ट्स, जँडल्स (इथे रबरी स्लिपरना म्हणतात), उन्हाने सोललेलं नाक, मांडीवर कागदात गुंडाळलेल्या गरम चिप्स. किया ओरा म्हणाला, म्हणजे इथला नमस्कार, आणि चिप्स पुढे केल्या. मी एक घेतली. तुमचं कोणी खेळतंय का, त्याने विचारलं. मी लांबच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, तो काय, आमच्याकडेच राहतो.

मग काय विचारता. रिकामा वेळ, ऐकणारा माणूस आणि मी.

मी त्याला मटारच्या पिशवीचं सांगितलं. खेकड्यासारखा जिना उतरून दाखवला, बसल्या बसल्या. औषधांचं एक अक्षर बोलले नाही हं, मी फार्मसिस्ट आहे, ते माझ्या शिस्तीत बसत नाही. पण गुडघा काही मी दुकानात बघितला नव्हता, माझ्याच जिन्यावर बघितला होता. पस्तिशीचा आहे, घरी फोन केला की आवाज बारीक होतो, वरच्या लीगमध्ये बॉलच आला नाही, टायरचं दुकान, सगळं. पावसात रेवाला कसं शिकवतो तेही सांगितलं. स्वतःच्या मॅचपेक्षा तिच्या मॅचच्या दिवशी जास्त अस्वस्थ असतो, असंही म्हटलं. तो माणूस मधेच एखादा प्रश्न विचारायचा आणि चिप्स खायचा. फार बरा श्रोता होता.

इतकंच करून थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी त्याच्या कानाशी वाकले आणि त्या कॅमेरावाल्याकडे डोळ्याने खुणावून म्हटलं, "तो बसलाय ना, तो तैवानच्या क्लबचा माणूस आहे. गुडघ्याचं त्याच्यापर्यंत जायला नको."

"माझ्याकडून त्याला काही कळणार नाही," तो म्हणाला. अगदी गंभीरपणे म्हणाला.

ब्रेक झाला. मी पदर खोचल्यासारखी जीन्स वर ओढली, डबा आणि थर्मास उचलला आणि जाळीपाशी गेले. कमरेत वाकून 'नी हाव' म्हटलं. तो दचकला, पण हसला. मग मी सुरू केलं. एकेक शब्द सुटा करून, हळू, जरा मोठ्या आवाजात. वेलकम. टू. न्यूझीलंड. त्याच्या हातात चकली दिली, ग्रीन टी ओतला आणि कर्टिसचं स्थळ सांगावं तसं सांगितलं. मुलगा निर्व्यसनी. वय तिशीचंच. तब्येत ठणठणीत, कधी शिंक नाही. घरचे लोक चांगले, मेव्हण्याचा स्वतःचा धंदा आहे. पोहे आवडीने खातो. तो माणूस चकली खात शांतपणे ऐकत होता, दोनदा मान पण डोलावली. मला वाटलं, जमलं.

मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा तो म्हणाला, "हे कुरकुरीत प्रकरण मस्त आहे. पण मी इथलाच, हॉविकचा आहे. दातांचा डॉक्टर. माझा भाचा पिचिंग करतोय, त्याचा व्हिडिओ काढतोय."

अस्सल किवी हेल. माझ्या रेवाचा आहे ना, तसा. ब्रायन नाव त्याचं. जन्म इथला, त्याच्या आजोबांचा जन्मसुद्धा इथला.

मला काय वाटलं असेल सांगा. माझ्या दुकानात आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी म्हातारी विचारते, तुझं इंग्लिश किती छान आहे गं, मूळची कुठली तू? मी गोड हसून पुणे सांगते आणि घरी येऊन मंदारपुढे तासभर धुसफुसते. आणि इथे एका माणसाचा नुसता चेहरा बघून मी त्याला त्याच्याच गावात वेलकम केलं होतं, वाकून. लाज वाटली मला. खरंच वाटली. मी सॉरी सॉरी म्हणत राहिले आणि तो भला माणूस म्हणाला, "स्वीट ॲज, काही हरकत नाही, सवय आहे मला." ते 'सवय आहे' ऐकून तर आणखीच वाईट वाटलं.

मग तोच म्हणाला, "स्काउट शोधताय का तुम्ही? तो काय ग्लेन. ऑस्ट्रेलियात, गोल्ड कोस्टला असतो, तैवानच्या क्लबसाठी माणसं बघतो. चिप्सवाला."

मी वळून बघितलं. जँडल्सवाल्याने एक चिप वर करून मला हात केला.

परत बाकापर्यंत कशी आले ते मला आठवत नाही. बसले त्याच्या शेजारी. दुसरी जागाच नव्हती. मी म्हटलं, गुडघ्याचं मी जरा वाढवून सांगितलं. तो म्हणाला, नाही, बरोबर सांगितलं, तो पहिल्यांदा धावला तेव्हाच मी बघितलं होतं. मी म्हटलं, मटार आम्ही उसळीसाठीच आणतो. त्याने पुन्हा चिप्स पुढे केल्या, या वेळी मी घेतली नाही.

मैदानात तेव्हा एक उंच बॉल गेला, कर्टिसच्या दिशेने, पण पार कुंपणाच्या कडेला. मी डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तेव्हा बॉल कर्टिसच्या ग्लव्हमध्ये होता आणि तो सावकाश परत चालत येत होता. ग्लेन म्हणाला, बॅटचा आवाज आल्याबरोबर निघाला तो, म्हणून पोचला, नुसत्या गुडघ्याच्या जोरावर पोचला नसता. हे चांगलं की वाईट ते मला त्याच्या तोंडावरून कळेना. मी विचारलंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी उरलेली अख्खी मॅच गप्प बसले, रेवा साक्षीदार आहे.

संध्याकाळी कर्टिस घरी आला. मटारची पिशवी घेतली, टेबलाशी बसला. मी त्याच्यापुढे वरण-भात ठेवला आणि उभी राहिले.

"खेळाडू म्हणून नको म्हणाला," तो म्हणाला. "त्यांच्या नवीन पोरांना आउटफिल्ड शिकवायला माणूस हवाय. त्यासाठी विचारलंय."

मंदार म्हणाला, अरे, मग चांगलंच झालं की. कर्टिस मान हलवत हो म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मला अजून एक वर्ष खेळायचं होतं, आई."

मी सगळं कबूल केलं. चिप्स, खेकडा, सगळं. रडत रडत, नाक पुसत. तो म्हणाला, माहीत आहे, ग्लेनने सांगितलं. शिकवण्याचं त्याच्या डोक्यात पावसातल्या गॅरेजवरून आलं म्हणे, ते तूच सांगितलंस. मी विचारलं, मी बोललेच नसते तर त्याने तुला खेळायला घेतलं असतं का?

त्याने गुडघ्यावरची मटारची पिशवी सरळ केली. "बहुतेक नसतंच घेतलं," तो म्हणाला. "पण बहुतेकच."

ते 'बहुतेक' माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. तुम्ही म्हणाल, त्याला काम तर मिळालं, टायर तर विकावे लागले नाहीत. खरंय. पण माणसाने इतकी वर्षं जे एकच केलं, ते संपलं हे त्याला माझ्या टेबलाशी बसून सांगावं लागलं. आणि मला त्याला वाढण्यापलीकडे काही सुचलं नाही. रेवा मात्र जिन्यावर बसून सगळं ऐकत होती. ती खाली न येताच म्हणाली, "यू आर अ रिअली गुड कोच, यू नो." तेव्हा कुठे त्याने पहिला घास घेतला.

त्याने ते काम घेतलं. जायच्या दिवशी विमानतळावर आम्ही तिघंही गेलो होतो. मी त्याला चकल्यांचा डबा दिला, हातात हात घेतला आणि शपथेवर सांगितलं, आता यापुढे तुझ्याबद्दल कुठे एक शब्द बोलणार नाही.

"असं नको करूस," तो म्हणाला. "एजंट लोक माझ्याबद्दल इतकी वर्षं बोलले, पण तुझ्याइतकं खरं कोणी बोललं नाही. तू बोल. फक्त बोलायच्या आधी समोरच्याचं नाव विचार."

मंदार खो खो हसायला लागला. रेवा पण. मला आधी कळेना यात इतकं हसण्यासारखं काय आहे. आणि मग कळलं. मी फार्मसिस्ट आहे हो. माझ्या कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून मला दुसरं शिकवलंय काय? काउंटरवरून पुडी कोणाच्या हातात देण्याआधी, त्याचं नाव विचारायचं.